हळदीकुंकवाचा कंट्रोलर

जुन्या युनिक्स मशीनला कोणता कंट्रोलर बसवावा हे कुणाला विचारायचं असेल, तर वारंगा फाट्याच्या कुलदीप राठोडला विचारावं, अशी त्याची कीर्ती होती. ही कीर्ती चेन्नईपासून जर्मनीपर्यंत होती, फक्त वारंगा फाट्यावर नव्हती. फाट्यावर तो मोबाइलच्या काचा बदलणारा, धाब्यांवर कॅमेरे बसवणारा कुलदीप. पण फोनवर जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा एक ग्रुप होता आणि तिथं त्याचा भलता दरारा होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची भंगारात निघालेली मशीनं पुन्हा उभी करायचा नाद असलेली ती माणसं. कुणी फोटो टाकून विचारायचं, की माझ्या डिस्कला हे कार्ड लावू का ते लावू, आणि कुलदीप गिऱ्हाइकाचा चार्जर बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसायचा.

त्या जुन्या डिस्कची एक खोड असते. ज्या कंट्रोलरनं, म्हणजे ज्या कार्डानं, तिच्यावर लिहिलं त्याच कार्डाला ती वाचू देते. दुसरं कार्ड लावा, कितीही भारी लावा, ती ओळखच देत नाही. मग नवं कार्ड विचारतं, डिस्क पहिल्यापासून तयार करू का? हो म्हटलं की आधीचं सगळं साफ. म्हणून कुलदीपचं एक ठरलेलं वाक्य होतं : आधी नक्कल काढा, मग कार्डाला हात लावा, आणि बॅकअप नसेल तर मला विचारायलाच येऊ नका. नवख्या पोरांना तर तो असा झाडायचा, की काही जण बिचारे ग्रुप सोडून गेले.

आणि ह्या शहाण्याच्या स्वतःच्या घरातल्या मशीनची नक्कल नव्हती. आज काढू, उद्या काढू, करत राहिलं होतं.

ते मशीन त्याच्या बापाचं. नेमसिंग राठोड पूर्वी जिनिंगच्या सोसायटीत शिपाई होता. सोसायटीत युनिक्सचं मशीन आलं तेव्हा साहेब लोक त्याला हात लावायला भ्याले आणि हा बारावी झालेला गडी बसला. पुढं ऑपरेटर म्हणूनच निवृत्त व्हायचा, पण सोसायटीच बसली. मशीन भंगारात चाललं होतं, ते त्यानं बैलगाडीत घालून सिद्धेश्वरजवळच्या आपल्या तांड्यावर आणलं. लोक हसले. नेमसिंगनं आपल्या म्हाताऱ्या आईला, धुरपताबाईला, शेजारी बसवलं आणि म्हणाला, याडी, तू म्हण.

ती ढावलो म्हणायची. तांड्यावर पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून गाण्यातच रडते, ते ढावलो. आईचा वेगळा, बापाचा वेगळा, भावाचा वेगळा. धुरपताबाईचे ढावलो पंचक्रोशीत कुणाकडे नव्हते, तिनं स्वतः रचून घातलेले होते, आणि भावाचा ढावलो सगळ्यात लांब. ती म्हणायची, नेमसिंग एकेका बोटानं टाइप करायचा. पुढं म्हातारी गेली. तिच्याबरोबरच्या बायकाही गेल्या. छापून काढ म्हटलं की नेमसिंग म्हणायचा, मशीनमध्ये हाय की, जातंय कुठं.

आता कुलदीपची धाकटी बहीण निलम हिचं लग्न ठरलं होतं. आजकाल पोरी डीजेच्या आवाजात गाडीत बसून निघून जातात, पण निलमनं धरलं होतं की मी आजीचे ढावलो म्हणूनच जाणार. दिवाळीत तिनं बापाकडून मशीन सुरू करून घेतलं, आईचा आणि बापाचा ढावलो पडद्यावरून पाठ केला. भावाचा राहिला. ती म्हणाली, हा लांब आहे, प्रिंट काढूनच घेऊ. रुख्मिणीबाईनं, तिच्या आईनं, प्रिंटरची रिबन आणायला नेमसिंगला हिंगोलीला पाठवलंसुद्धा. कार्यालय, आहेर, जेवणावळ हे सगळं बाजूला राहिलं आणि घरात भावाच्या ढावलोचीच वाट बघणं चाललं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. गडबड झाली ती हळदीकुंकवापायी.

सोसायटीत मशीन बसवायला हैदराबादहून आलेल्या इंजिनियरनं नेमसिंगला कंट्रोलर दाखवून सांगितलं होतं, "देव डिस्कमध्ये हाय, पण पुजारी हा. ह्याच्याबिगर देव बोलत नाही." नेमसिंगनं ते मनात पक्कं धरलं. दर खंडेनवमीला विळा-कोयता, नांगर, मोटर यांची पूजा झाली की तो मशीनचं झाकण उघडायचा, धूळ फुंकायचा आणि त्या कार्डाच्या कडेच्या पत्र्याला एक बोट हळद, एक बोट कुंकू लावायचा. वर्षावर वर्षं चढत गेली. पत्रा मूळचा कसा होता ते कुणाला आठवेना. मशीन मात्र कधी रुसलं नाही, बराबर चाललं.

कुलदीपनं मागं एकदा हौसेनं त्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता. जर्मनीवाल्यानं विचारलं, हा कसला गंज आहे? दुसऱ्यानं हसरे चेहरे टाकून लिहिलं, जेवण सांडलं काय त्याच्यावर? कुलदीपचे कान तापले. माझ्या बापानं पूजा केली, एवढं साधं वाक्य त्याला लिहिता आलं नाही. गोदामातली धूळ आहे, असं त्यानं लिहून टाकलं. तेव्हापासून ते कार्ड त्याच्या डोळ्यांत सलायला लागलं. आपण इतके जाणकार, आणि आपल्याच घरचं मशीन असं, खंडोबाच्या दिवटीसारखं माखलेलं.

अशात पुण्याहून शिवशंकरचा फोन आला. हा त्याच ग्रुपमधला, मूळचा आपल्या वसमतकडच्या हट्ट्याचा, पुण्यात नोकरीला, जुन्या मशीनचे व्हिडिओ काढून लोकांना दाखवणारा. म्हणाला, "गावाकडं येऊन राहिलो. रविवारी तुमचं मशीन बघायला येतो, कुलदीपभाऊ. व्हिडिओ करू."

कुलदीपनं या म्हटलं, आणि मग त्याला ते कार्ड आठवलं. मशीन उघडणार, कॅमेरा लागणार, आणि आत काय दिसणार? त्याच्याकडे त्याच कंपनीचं, पुढच्या नंबरचं एक कार्ड होतं. चकचकीत, वेगानं दुप्पट, हात न लागलेलं. कंपनी एकच आहे तर वाचेल, असं त्यानं मनाला समजावलं. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर त्याची त्यानं सालटी काढली असती. पण स्वतःला फसवायचं म्हटलं की माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. रविवारी सकाळी बाप पाहुण्यासाठी मासे आणायला धरणावर गेला, तेवढ्यात त्यानं जुनं कार्ड उपसून आईच्या पेटीत गोधडीखाली ठेवलं आणि नवं बसवलं. चालू करून बघणार, तोवर दारात गाडी वाजली.

शिवशंकर मोठा मोकळा माणूस. आल्या आल्या चहा घेतला, निलमला लग्नाच्या शुभेच्छा दिल्या, तिपाईवर कॅमेरा लावला. कुलदीपनं ऐटीत झाकण उघडलं, कार्डाबद्दल चार वाक्यं बोलला आणि बटण दाबलं. मशीन गुरगुरलं. डिस्क फिरली. आणि पडद्यावर आलं, की डिस्क वाचता येत नाही, नव्यानं तयार करायची का, हो की नाही.

"म्हंजे हा मूळचा कंट्रोलर न्हाई?" शिवशंकरनं विचारलं.

"बदलला जरा. जुना कमजोर झाला होता."

"मग जुना लावून बघू की. कुठं हाय?"

तो चार हातांवर होता. पेटी उघडायची, गोधडी बाजूला करायची, कार्ड काढायचं. पण ते कॅमेऱ्यासमोर, हळदीकुंकवानं माखलेलं, आणि तेही पेटीत लपवलेलं.

"तो मेला," तो म्हणाला.

"असू द्या. बॅकअप तर असंलच तुमच्याकडं. तुमी तर आमाला त्याच्यावरून शिव्या घालता." शिवशंकर हसला. त्याच्या मनात काही नव्हतं.

बघा, एवढ्यावरही वाचला असता. नाही हो, नाही माझ्याकडं बॅकअप, एवढं म्हणायचं. थोडं हसू झालं असतं, चहाबरोबर विरून गेलं असतं. पण ग्रुपवरच्या त्या दरडावणाऱ्या कुलदीपला ह्या तांड्यावरच्या कुलदीपनं तोंडघशी कसं पाडावं?

"हाय ना," तो म्हणाला. "बॅकअप हाय."

"मग करा की तयार. लोकांना बी कळंल नवं कार्ड कसं बसवतात."

बापानं कधीतरी काढलेल्या फ्लॉपी डब्यात आहेत, असं कुलदीपनं स्वतःला सांगितलं. त्या फ्लॉपींवर बुरशी चढलेली त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. तरी सांगितलं. आणि कॅमेऱ्यासमोर, हसऱ्या तोंडानं, त्यानं हो दाबलं. डिस्क टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. स्वयंपाकघरात निलम मसाला वाटत होती, तिच्या पाट्याचा आवाज आणि तो आवाज एकात एक मिसळत होता. कुलदीप कंट्रोलरबद्दल बोलतच राहिला.

नेमसिंग मासे घेऊन आला. पाहुण्याला आग्रह करकरून वाढलं. गाणी दाखवतो म्हणाला, तर कुलदीप म्हणाला, आज नको बापू, मशीन तापलंय. जाताना गाडीजवळ शिवशंकरनं त्याचा हात हातात घेतला.

"खरं सांगू का, कुलदीपभाऊ? मी त्या फोटोसाठी आलतो. मला फोटो बघताच कळलं होतं, ती हळद हाय. आमच्या हट्ट्याला आजोबा पाण्याच्या इंजिनाला अशीच लावायचे, सारी कडा पिवळी झालती. त्या जर्मनवाल्याला सांगावं म्हणलं, पण तुमी धूळ म्हणालात, मग गप बसलो. त्या कार्डाचाच व्हिडिओ करायचा होता. मेलं म्हणता, मग जाऊ द्या."

गाडी गेली. कुलदीप रस्त्यावर उभाच राहिला. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं त्याला. ज्याच्यापासून लपवलं तो तेच बघायला आला होता, आणि लपवण्यापायी आजी गेली होती, दुसऱ्यांदा.

संध्याकाळी नेमसिंगनं प्रिंटरला नवी रिबन चढवली, कागद लावला, हातपाय धुऊन मशीनसमोर बसला. निलम त्याच्या मागं उभी. पडद्यावर काहीच नव्हतं. त्यानं पुन्हा बंद करून चालू केलं. मग लेकाकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता, हे कुलदीप पुढं कितीतरी वेळा आठवणार होता. आपल्यापेक्षा जास्त शिकलेल्या लेकाला विचारून घ्यावं, एवढंच होतं.

"काय झालं रे?"

आणि कुलदीपच्या तोंडून निघालं. ठरवून नाही. पण निघालं.

"कार्डात हळद गेली होती, बापू. किती वर्षं लावून राहिले तुमी. त्यानं कार्ड मेलं, त्यानं डिस्क खाल्ली."

नेमसिंगनं आपल्या उजव्या हाताची बोटं वर धरून बघितली, मग धोतराला पुसली. निलम आत निघून गेली. नेमसिंगनं हळूच प्रिंटरचा कागद काढला, घडी घातली आणि म्हणाला, "मला वाटलं होतं, चांगलंच करून राहिलो."

त्यानंतरचे दिवस कुलदीपनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. शिवशंकरनं व्हिडिओ टाकला. लोकांनी वाहवा केली, काय सफाईनं बसवलं म्हणाले. चेन्नईच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, माझ्याकडे दोन कार्डं आहेत, तुम्ही कोणतं निवडाल? कुलदीप उत्तर लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी त्यानं फोन पालथा ठेवला. डिस्कवरून काही परत येतं का, हे त्यानं ग्रुपवर विचारलंही असतं. पण बॅकअप आहे म्हणून बसला होता, विचारणार कोणत्या तोंडानं? आणि येत नाही, हे त्याला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

घरी तो बापाची नजर चोरायचा. बाप मात्र त्यालाच धीर द्यायचा. "तू कशाला तोंड पाडतो? तुझी काय चूक त्यात? तू तर नवं कार्ड लावून बघितलं." शेजारपाजारच्यांना तो स्वतः होऊन सांगायचा, की माझ्या येडेपणानं याडीची गाणी गेली. भावाचा ढावलो टाइप केल्याचं त्याला आठवायचं, शब्द आठवायचे नाहीत. निलमनं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून बघितलं. त्यातल्या मिराबाईला दोन ओळी आठवल्या, त्याही दुसऱ्याच ढावलोच्या निघाल्या. रुख्मिणीबाई माहेरचे सांगू लागली, तर पोरगी म्हणाली, नको याडी, आजीचा नसला तर नसू दे.

रोज सकाळी कुलदीप ठरवायचा, आज सांगायचं. रोज काहीतरी निघायचं. मांडवाचे बांबू आणायचे, आचारी ठरवायचा, पत्रिका वाटायच्या. माणसाला शरम वाटायला लागली की कामं बरी भरभर सुचतात.

हळदीचा दिवस आला. मांडव भरला. निलम पाटावर बसली, बायकांनी गाणी धरली. हळदीची वाटी भावाच्या हातात देतात, म्हणून ती कुलदीपच्या हातात होती. आईनं लावली, काक्यांनी लावली. मग बायका म्हणाल्या, बापाची हळद.

नेमसिंग मांडवाच्या कडेला पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. दोन्ही हात पाठीमागं.

"या की," रुख्मिणीबाई म्हणाली. "पोरगी बसून राहिली."

"तूच लाव. माझ्याबी वाटची."

"काहून?"

कुलदीप वाटी घेऊन त्याच्याजवळ गेला. गाणी चालू होती, त्यामुळे दोघांचं बोलणं दोघांनाच ऐकू येत होतं.

"बापू, लावा."

"नगं रे. माझा हात बरा न्हाई. चांगल्या मनानं लावून राहिलो, तर आपल्या याडीचं सारं गेलं. पोरीच्या अंगाला नगं." आणि तो थोडा हसला, लेकाला वाईट वाटू नये म्हणून. "तू जा. तुझ्या हातानं लाव."

आता आणखी एक दिवसही ते कुलदीपच्या पोटात राहणार नव्हतं. तो काहीतरी पुटपुटला. नेमसिंगला कळलं नाही. पण निलमचं लक्ष तिकडेच होतं, तिनं हात वर केला आणि बायकांचं गाणं थांबलं.

"काय म्हणला भिया? मोठ्यानं सांग."

"हळदीनं कायबी झालं न्हाई," कुलदीप म्हणाला. आता सगळा तांडा ऐकत होता. "कार्ड चांगलं हाय. पेटीत हाय, गोधडीखाली. मी काढून ठेवलं. पाहुणा येणार होता, मला त्याची शरम वाटली. दुसरं लावलं, ते वाचंना. बॅकअप हाय म्हणून पाहुण्याला खोटं बोललो, आणि सारं मीच पुसलं. माझ्या हातानं."

रुख्मिणीबाईनं पदर तोंडाला लावला. कुणीतरी लेकराला गप केलं. नेमसिंग लेकाकडे बघत होता. रागावलाही नव्हता, त्याला फक्त नीट समजून घ्यायचं होतं.

"शरम कशाची वाटली? हळदीची?"

"व्हय."

"का माझी?"

कुलदीपनं मान खाली घातली. नाही म्हणता आलं असतं. पण आणखी एक खोटं बोलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. वाटीतली हळद बघत तो तसाच उभा राहिला.

नेमसिंगनं पाठीमागचे हात पुढं घेतले. लेकानं धरलेल्या वाटीत बोटं बुडवली, निलमपाशी गेला, तिच्या दोन्ही गालांना, कपाळाला, पायांना हळद लावली. सावकाश, एकेका बोटानं, तो टाइप करायचा तसंच. बापाच्या हातात उरलेली हळद भावाच्या तोंडाला फासायची असते, त्यावर सगळे हसतात, अशी तांड्याची रीत. नेमसिंग कुलदीपसमोरून गेला आणि उरलेली हळद त्यानं मांडवाच्या बांबूला पुसली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जेवणं झाली. निघायच्या वेळी निलमनं डीजे बंद करायला लावला. ती आईच्या गळ्यात पडली आणि आजीचा ढावलो म्हणाली, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. म्हाताऱ्या बायका तोंड झाकून रडल्या. मग बापाच्या गळ्यात पडली, त्याचाही म्हणाली. नेमसिंग ओठांनी दिवाळीपासून तिच्या तोंडून ऐकलेला प्रत्येक शब्द तिच्याबरोबर म्हणत होता, आवाज न काढता.

मग भावाची पाळी. कुलदीप मागं उभा होता, पुढं यायला त्याचे पाय उचलत नव्हते. निलमच त्याच्यापाशी आली. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले, कपाळ खांद्यावर टेकलं. बायका गोल करून थांबल्या. तिनं श्वास घेतल्याचं त्याला छातीवर कळलं. भावाचा ढावलो सगळ्यात लांब, म्हणून सगळे शांतपणे थांबले होते, की आता ती सुरू करेल. ती तशीच धरून उभी राहिली, बराच वेळ, आणि एक शब्दही न म्हणता गाडीत जाऊन बसली.